मदत हवी आहे : 'जातंय' कुठे संपतं आणि 'वता' कुठे सुरू होतं?

आमची आजी कुडाळची. तिची मालवणी वहीत उतरवून घेतेय. ती विचारते, "खंय जातंस?" गोव्याची माझी मैत्रीण कोकणीत विचारते, "खंय वता?" 'खंय' दोघींचं एकच, क्रियापद मात्र वेगळं! आजीचं 'माका' तिच्याकडे 'म्हाका' होतं, पण आजीच्या 'मी'च्या जागी ती 'हांव' म्हणते. 1992 साली कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली, तरी बोली काही महाराष्ट्र-गोवा सीमेवरच्या तेरेखोल नदीपाशी एकदम बदलत नसणार.

वेंगुर्ला, शिरोडा, सावंतवाडी, पेडणे इथल्या मंडळींनो, तुमच्या घरातली म्हातारी माणसं 'मी जातो' कसं म्हणतात? कृपया गावाच्या नावासकट, अगदी उच्चारतात तसंच लिहा. आजी चौऱ्याऐंशीची आहे, तिच्यासोबत बसून ताडून बघायचंय.