मदत हवी आहे: खाडीतल्या जिताडा-तांबोशीसाठी कोणता बेटकास्टर घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी दाभोळच्या खाडीत गरवते, म्हणजे गळाने मासे धरते, कधी काठावरून, कधी होडीतून. आजवर सगळं स्पिनिंग रीलवर केलं. जिताडा आणि तांबोशी हे माझे खास आवडीचे मासे, आणि दोघंही बसतात तिवरांच्या मुळांत नाहीतर जुन्या धक्क्याच्या खांबांना लागून. लूर, म्हणजे नकली आमिष, मुळांच्या अगदी तोंडाशी पडावी लागते. हातभर अलीकडे पडली तर जिताडा जागचा हलत नाही, हातभर पलीकडे गेली तर लूर तिवरात अडकली म्हणून समजा. बेटकास्टर रॉडच्या वर बसतो आणि फेकताना त्याचं स्पूल, म्हणजे दोरीची चकरी, स्वतः फिरते. त्यात अंगठा पहिल्यापासून स्पूलवरच असतो, त्यामुळे लूर हवी तिथे थांबवता येते. म्हणून आता एक चांगला बेटकास्टर घ्यायचा आहे. एकच घेणार, आणि तो बरीच वर्षं पुरला पाहिजे.

रॉड साडेसहा फुटी मीडियम हेवी आहे. लूर १० ते २५ ग्रॅमच्या, दोरी ३० पौंडी ब्रेडेड (विणलेली), पुढे ४० पौंडी लीडर (लूरच्या आधीचा मजबूत तुकडा). हँडल मी डाव्या हाताने फिरवते.

ओळखीच्या गरवणाऱ्यांनी तीन रीलं मोठ्या मनाने वापरायला दिली. शिमानोचं एसएलएक्स डीसी, दाइवाचं तातुला एसव्ही टीडब्ल्यू आणि अबू गार्सियाचं गोल अँबॅसेडर ६५०१.

एसएलएक्स डीसीने पहिल्याच दिवशी जीव लावला. फेकताना त्यातून जो बारीक सूर निघतो तो ऐकत राहावासा वाटतो. दुपारी खारे वारे सुटल्यावर समोरून वारा घेत फेकलं तरी गुंता झाला नाही. पण आत इलेक्ट्रॉनिक भाग आहे आणि माझं सगळं गरवणं खाऱ्या पाण्यातलं, एवढी एक धाकधूक आहे.

तातुला हातात घेतल्यावर नवीन वाटलंच नाही. फेकताना दोरी ज्या खाचेतून जाते ती वरच्या बाजूला चांगली रुंद आहे. बटण दाबलं की दोरी तिथे मोकळी होते, हँडल फिरवलं की खालच्या अरुंद भागात येऊन नीट गुंडाळली जाते. हलकी पॉपर (पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारी लूर) काढून जड लूर लावली तरी ब्रेकला हात लावावा लागला नाही.

अँबॅसेडर दिसायला तिघांत सगळ्यात देखणं. आतली रचना सरळ, स्क्रू काढले की सगळं समोर. पण वजन तीनशे ग्रॅमच्या वर, उंचीला मोठं, आणि माझा हात लहान आहे. मुठीत नीट बसत नाही, संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं.

विचारायचं आहे ते असं. डीसीचा इलेक्ट्रॉनिक ब्रेक खाऱ्या हवेत किती वर्षं साथ देतो? गिअर रेशो, म्हणजे हँडलच्या एका वळणात स्पूलचे किती फेरे, सहाचा घ्यावा की सातचा? आणि तुमच्याकडे अनेक रीलं असतील तर त्यातलं एकच सारखं का उचललं जातं, हे मनापासून जाणून घ्यायचं आहे. जाहिरातीतले आकडे मी वाचलेत, मला वापरणाऱ्यांचं म्हणणं हवंय.

खारवट:

ताई, मी गोव्याचा. शापोराच्या पात्रात चोणकासाठी, म्हणजे तुमच्या जिताड्यासाठीच, बेटकास्टर वापरतो. रील निवडताना आधी ब्रेक समजून घ्या, बाकी सगळं त्यानंतर.

लूर हवेत गेल्यावर वारा तिचा वेग कमी करतो, स्पूल मात्र आधीच्याच वेगात फिरत राहतं. लूर ओढते त्याहून जास्त दोरी सुटते आणि तिथे गुंता होतो. ब्रेकचं काम एवढंच, की स्पूलला लूरच्या पुढे जाऊ द्यायचं नाही.

सेंट्रिफ्युगल ब्रेकमध्ये स्पूल फिरल्यावर छोटे ठोकळे बाहेर फेकले जातात आणि कडेला घासतात. वेग दुप्पट झाला की त्यांचा जोर चौपट होतो. त्यामुळे फेकीच्या सुरुवातीला पकड जबरदस्त आणि शेवटी जवळजवळ काहीच नाही. लूर लांब जाते, पण शेवटच्या टप्प्यात अंगठा जागा लागतो. चुंबकाच्या ब्रेकमध्ये काही घासत नाही, चुंबकाजवळून धातू फिरला की त्यातल्या विजेच्या प्रवाहामुळे विरोध तयार होतो. हा विरोध फेकीच्या शेवटपर्यंत टिकतो. वाऱ्यात बरा, पण जोर जास्त ठेवला तर लांबी खातो.

दाइवाने त्यात एक सुंदर गोष्ट केली. स्पूलला जोडलेली कडी वेग वाढला की सरकून चुंबकाच्या क्षेत्रात जाते, वेग उतरला की स्प्रिंग तिला मागे घेते. म्हणजे गरज असेल तेव्हा ब्रेक, नसेल तेव्हा मोकळीक. तुम्हाला लूर बदलल्यावर सेटिंग बदलावं लागलं नाही ते यामुळेच. शिमानोच्या डीसीत हेच काम छोटा संगणक करतो. त्याला बॅटरी लागत नाही, स्पूल फिरण्यातूनच वीज तयार होते.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही रात्री गरवता का? जिताडा अंधारात उत्तम चालतो, पण अंधारात लूर पाण्याला कधी टेकली ते दिसत नाही, आणि अंगठा नेमका त्याच क्षणी लावायचा असतो. तिथे स्वतःहून सांभाळून घेणारा ब्रेक फार मोलाचा. डीसीचा सूर खाली येतो तेव्हा लूर आता टेकणार हे कानाला कळतं, हा त्याचा मला आवडणारा गुण.

तिवरवेल:

मी बरीच वर्षं क्वीन्सलँडमध्ये आहे. जिताडा म्हणजे इथला बॅरामंडी, मासा तोच, आणि तांबोशीही तीच. इथे या दोघांसाठी लो-प्रोफाइल (बसक्या घडणीचे) बेटकास्टर सर्रास वापरतात.

रेशोबद्दल. ३४ मिलिमीटर व्यासाचं स्पूल धरा. एका फेऱ्यात साधारण १०.७ सेंटिमीटर दोरी येते. ६.३ रेशोला हँडलच्या एका वळणात ६७ सेंटिमीटर, ७.२ ला ७७. फरक दहा सेंटिमीटरचाच दिसतो, पण तांबोशी लूर तोंडात घेऊन मुळांकडे वळते तेव्हा पहिल्या दोन-तीन वळणांतच निकाल लागतो. सातचा घ्या. आठच्या वरचे रेशो सैल दोरी पटकन गोळा करायला छान, पण जड मासा ओढताना हँडल जड जातं. आणि स्पूल रिकामं होत गेलं की व्यास घटतो, दोरीही कमी येते, म्हणून काठापर्यंत नीट भरून घ्या.

एसएलएक्स डीसी घेतलंत तर डाव्या हँडलसाठी १५१ एचजी बघा, एचजी म्हणजे ७.२ रेशोचं. शिमानोत शेवटचा आकडा विषम म्हणजे डावं. स्पिनिंगसारखं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येत नाही, त्यामुळे खोक्यावरचा आकडा दोनदा वाचा.

ब्रेडेड दोरी रिकाम्या स्पूलवर थेट बांधू नका, अख्खी घसरते. खाली तंगुसाचे थोडे वेढे घाला, वर ब्रेडेड घट्ट ओढून भरा. सैल भरली तर मोठा मासा ओढतो तेव्हा वरची दोरी खालच्या थरात रुतते आणि पुढच्या फेकीत तिथेच अडकते.

गरीवाला:

अँबॅसेडरची बाजू मांडतो, कारण त्याच्यावर माझा फार जीव आहे. अबूची कंपनी १९२१ मध्ये स्वीडनमधल्या स्वँग्स्टा गावात घड्याळाचा कारखाना म्हणून सुरू झाली, आणि रील उघडलं की ते जाणवतं. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताने काढता येतो, पुसून परत बसवता येतो. होडीतून जिवंत कोळंबी लावून मोठ्या माशाची वाट पाहायची असेल तर मी दुसरं काही उचलणार नाही.

पण ताईंचं काम वेगळं आहे. दिवसभर लूर फेकायची, दर वेळी रॉडसकट रील मुठीत धरायचं. ५.३ रेशो तांबोशीला मुळांतून खेचायला हळू पडतो. हात लहान असेल तर हे रील कितीही चांगलं असलं तरी घेऊ नका, मनगटाचं ऐका.

डीसीबद्दल म्हणाल तर तो भाग घरी उघडता येत नाही. चालतो तोवर उत्तम, पण बिघडला तर तो भाग अख्खा बदलायचा, आणि कोकणात बसून तो मिळवायचा म्हणजे वाट पाहणं आलं. एकच रील असणाऱ्या माणसाने याचा विचार करावा.

(मूळ प्रश्नकर्ती):

सगळ्यांचे मनापासून आभार. खारवटदादा, रात्रीच जास्त गरवते, आणि तुमचा तो मुद्दा वाचून गोष्ट एकदम लख्ख झाली. मला जे रील आवडतंय ते याचसाठी की वारा फिरला, लूर बदलली, अंधार पडला तरी ब्रेकला हात लावावा लागत नाही आणि सगळं लक्ष माशावर राहतं. डीसी आणि तातुला दोन्ही त्यात बसतात. एकच घ्यायचं आणि मीठ कायमचं सोबत, म्हणून तातुला घेते, डाव्या हँडलचं, सातच्या वरच्या रेशोचं.

आता शेवटचं. खाऱ्या पाण्यातून आल्यावर धुवायचं कसं, आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी किती जोराला सुटावी ती पकड, किती ठेवू?

तिवरवेल:

धुण्याआधी ड्रॅग घट्ट करा, म्हणजे पाणी वॉशरमध्ये शिरत नाही. गोड्या पाण्याची हलकी धार पुरे. जोराचा फवारा मिठाला आत ढकलतो, आणि बादलीत बुडवून तर मुळीच ठेवू नका. मग बाजूचं झाकण उघडून स्पूल बाहेर काढा, पुसा, सावलीत वाळू द्या. बेअरिंगला आणि लेव्हलवाइंडच्या (दोरी स्पूलभर सारखी पसरवणाऱ्या भागाच्या) दांड्याला तेलाचा एकेक थेंब, जास्त नाही. ठेवून देताना ड्रॅग पूर्ण सैल.

ड्रॅगचं म्हणाल तर ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो. त्याचा चौथा ते तिसरा हिस्सा, म्हणजे साडेतीन ते साडेचार किलो. खुल्या पाण्यातल्या जिताड्याला साडेतीन, मुळांतल्या तांबोशीला साडेचार. अंदाजाने करू नका. दोरीच्या टोकाला स्प्रिंगचा काटा बांधा, कोणाला तरी तो धरायला सांगा, रॉड माशाशी झुंजताना वाकते तशी वाकवून ओढा आणि ड्रॅग कितीला सुटतो ते काट्यावर वाचून घ्या. स्पूलवरून सरळ ओढलं तर आकडा कमी येतो, रॉडच्या कड्यांचं घर्षण त्यात धरलं जात नाही.

खारवट:

आणि लूर बदललीत की स्पूलच्या कडेची छोटी चकती (ही ब्रेकची नव्हे, स्पूलच्या ताणाची) एकदा तपासा. बटण दाबल्यावर लूर सावकाश खाली यावी आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावं, एवढीच ती आवळायची. तातुलाला तेवढं पुरतं.