आईच्या पायाची सूज: १५०० रुपयांत कोणते मोजे?

पाचपाखाडी:
आई ६६ वर्षांची, मधुमेह आहे. डाव्या पायाला वर्षात दुसऱ्यांदा सेल्युलायटिस (कातडीचा आणि तिच्याखालचा जंतुसंसर्ग). अँटिबायोटिकचा कोर्स संपला. ताप, लाली, ठणका गेला. पण पोटरीपर्यंत सूज आहे, बोट दाबलं की खळगा पडतो. डॉक्टर म्हणाले स्टॉकिंग्ज, म्हणजे पाय आवळून धरणारे मोजे, घाला. हाताची बोटं संधिवाताने आखडलेली आहेत. बजेट १५००. कोणते घेऊ?

सीवूड्सकर:
क्लास २, म्हणजे मध्यम दाबाचे, गुडघ्यापर्यंतचे. माप सकाळी अंथरुणातून उठल्याउठल्या घ्या: घोट्यावरचा सर्वांत बारीक भाग, पोटरीचा सर्वांत जाड भाग, टाचेपासून गुडघ्याखालपर्यंत उंची. संध्याकाळी सुजलेल्या पायाच्या मापाने आणलेला मोजा सकाळी ढिला होतो. दोन जोड लागतात, बजेट वाढवा.

खाडीकाठ:
थांबा, आधी डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी पायाचा रक्तप्रवाह बघायची तपासणी. घोटा आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ०.८ च्या खाली असेल तर घट्ट मोज्याने पायाचा रक्तपुरवठा आणखी तुटतो. मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा फसवा चांगला येतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचा दाबही मोजायला सांगा. आणि सूज एकाच पायाला आहे, तर शिरेत गुठळी नाही ना, हेही त्याच वेळी बघून घ्या.

घोडबंदर:
मोज्यांत पैसे घालवू नका. हवेचा पंप (पायाला गुंडाळलेली पिशवी हवेने फुगवून दाब देणारं यंत्र) घ्या, रोज पाऊण तास, सूज उतरते.

खाडीकाठ:
गुठळी, चालू संसर्ग किंवा हार्ट फेल्युअर असेल तर पंप लावायचाच नाही. आणि त्यांनी १५०० म्हटलंय.

वाशी_सेक्टर९:
पायाच्या बोटांच्या बेचक्या कुणी बघितल्या का? चिखल्या असतील तर जंतू तिथल्याच चिरेतून आत शिरतो आणि दुखणं फिरून येतं. क्लोट्रिमाझोल (बुरशीवरचं मलम) १ टक्का, दिवसातून दोनदा, ४ आठवडे. खाज थांबली म्हणून आठवड्यात सोडलं की बुरशी परत येते. मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणू नका. लाली दबते, बुरशी पसरते. टाचांच्या भेगांना युरियाचं मलम लावा, पण बेचक्या कोरड्याच ठेवा.

घोडबंदर:
पावसाच्या पाण्यातून चालल्यावर डॉक्सीची (डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक) गोळी घ्यायचीच.

वाशी_सेक्टर९:
ती लेप्टोसाठी (साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप). इथे तिचा संबंध नाही.

कळवा_पूर्व:
मीही क्लास २ च सांगेन, आणि माप सकाळीच. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत येत नसेल तर ती लिम्फची सूज, म्हणजे लिम्फ हा द्रव नीट वाहून न गेल्याने साचलेली. मोजे कायमचे लागतील. वर्षात दोनदा झालंय, तेव्हा पेनिसिलिन दीर्घकाळ द्यायचं का, हे फिजिशियनना विचारा. पुन्हा लाली दिसली तर कडेने बॉलपेनने रेघ मारा. लाली रेघेबाहेर सरकली, थंडी वाजून ताप आला, काळपट फोड आले किंवा दिसतंय त्याहून दुखणं फार असेल तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टीत न्या. तोवर मोजा काढून ठेवा.

पाचपाखाडी:
बेचक्यांत पांढरी, भिजलेली कातडी निघाली. ट्यूब आणली, साधीच. डॉपलर शनिवारी. तो ठीक आला तर मोजे क्लास १ (कमी दाबाचे) घेणार, एकच जोड, रात्री धुऊन सावलीत वाळवेन. क्लास २ ओढून चढवायला बोटांत जोर लागतो आणि दिवसा आई घरी एकटी असते. पंप नको.

सीवूड्सकर:
क्लास १ ने एवढी सूज आटोक्यात राहणार नाही. महिन्याने पोटरीचं माप पुन्हा घ्या, सकाळीच.