बारावीनंतर चिनी साहित्य शिकायचं म्हणते, घरचे हसतात

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातली आहे, गावाचं नाव लिहीत नाही, लगेच ओळखतील. बारावी आर्ट्सला आहे. मले चिनी भाषा घेऊन बी.ए. करायचं आहे अन् पुढं तिथलं आधुनिक साहित्य शिकायचं आहे. तालुक्याच्या वाचनालयात लू शुनच्या कथांचं हिंदी पुस्तक हाती लागलं, तिथून हे डोक्यात बसलं. बाबा म्हणतात डी.एड. कर. मामा म्हणतात, चायनाचा माल टिकत नाही. कोणी शिकलं असेल तर सांगा, एक अक्षर येत नसताना प्रवेश भेटते का? अन् तिथं शिकवतात काय? माझं इंग्रजी यथातथाच आहे.

टपरीवाला_भाऊ
काऊन बाप्पा, मराठीतलं सारं वाचून झालं का? चिनी शिकून पोट भरते का, ते विचार आधी.

दिग्रसचा_सदा
ताई, मामांना राहू दे. मी दिल्लीत चिनीत बी.ए., एम.ए. केलं, आता चाकणला एका कंपनीत मशिनच्या कागदपत्रांचं भाषांतर करतो. म्हणजे भाऊ, पोट भरतं. पण खरं सांगायचं तर ते भाषेवर भरतं, साहित्यावर नाही. माझ्या वर्गातले बहुतेक जण बी.ए. होताच दुभाषे झाले, कंपन्यांत गेले. साहित्यासाठी मागे राहिलो ते मोजकेच.

अक्षर येत नसलं तरी चालतं. दिल्लीच्या जेएनयूच्या (जवाहरलाल नेहरू विद्यापीठ) चिनी बी.ए.ला बहुतेक पोरं कोरी पाटी घेऊनच येतात. शांतिनिकेतनचं चीना भवन, म्हणजे तिथला चिनीचा विभाग, तर १९३७ पासून आहे. घराजवळ हवं असेल तर वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठातही चिनी शिकवतात; यंदा कोणता कोर्स आहे ते एकदा जाऊनच विचार.

सुरुवातीला साहित्याचं नाव काढू नको. चौकटीची वही घ्यायची, एकेक अक्षर पानभर गिरवायचं. कोणती रेघ आधी, कोणती मागून, हे ठरलेलं. क्रम चुकला की नुसतं अक्षर बघूनही बाई ओळखायच्या. हेल काढून बोलायची सवय आपल्याला आहेच, पण तिथं प्रत्येक शब्दाचा हेल ठरलेला, मनाचा चालत नाही. पेपर नीट वाचता यायला तीनेक हजार अक्षरं लागतात. इंग्रजीही लागेल, कारण संदर्भाची पुस्तकं त्यातच. ते होतं हळूहळू.

आता साहित्याचं. सुरुवात होते ४ मे १९१९ पासून. चीनच्या शांतुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिसच्या शांतता परिषदेत जपानला द्यायचं ठरलं, म्हणून बीजिंगचे विद्यार्थी रस्त्यावर आले, अन् त्या चळवळीनं नव्या साहित्यालाही जोर आला. त्याच्या आदल्या वर्षीच लू शुनची वेड्याच्या रोजनिशीची कथा आली होती, पंडितांची जुनी भाषा सोडून लोकांच्या भाषेत. (आपल्या ऋद्धपूरच्या महानुभावांनी हे काम तेराव्या शतकातच करून ठेवलं, पण ते वर्गात सांगायची सोय नव्हती.) पुढे १९४२ ची माओची येनानची (तेव्हाचा कम्युनिस्टांचा तळ) भाषणं येतात: साहित्य कोणासाठी, तर कामगार, शेतकरी अन् सैनिकांसाठी. पेपरला हमखास विचारतात, वाचायला रूक्ष आहेत. मग १९६६ ते १९७६ ची सांस्कृतिक क्रांती, म्हणजे जुनं सारं मोडून काढायची माओची मोहीम. लाओ शसारख्या लेखकाला तिच्या पहिल्याच वर्षी जमावानं मारहाण केली, अन् लगेचच त्याचं प्रेत तळ्यात सापडलं.

पण तुझ्या हातातल्या पुस्तकात 'गाव' किंवा तशाच नावाची कथा असेल, १९२१ ची, ती आधी वाच. कामाच्या दिवसांत येणाऱ्या गड्याचा पोरगा रुन्तू रात्री टरबुजाच्या वाडीत भाला घेऊन उभा असतो. तो म्हणतो, वाटसरूनं तहानेपोटी एखादं टरबूज तोडलं तर आमच्यात ती चोरी नाही, राखण आहे ती जनावरांसाठी. आमच्या वर्गात त्या चांदण्या रात्रीवर फार गोड बोलणं झालं. मी रानडुकरांसाठी मचाणावर जागल केलेला माणूस. मी म्हटलं, सर, ही जागल आहे, पोरगं झोपलं तर पीक गेलं. सर थांबले, म्हणाले, अजून सांग. पुढे तोच रुन्तू मोठा होऊन लहानपणच्या दोस्तासमोर येतो अन् त्याला 'मालक' म्हणतो. दिल्लीच्या पोरांना तिथं तळटीप लागली. आपल्याला लागत नाही.

तसंच मो यानचं, २०१२ चं नोबेल मिळालेला तो. त्याची लसणावरची कादंबरी १९८८ ची, शांतुंगमध्ये त्याच्या आदल्या वर्षी खरंच घडलेल्या प्रकारावरून लिहिलेली. सरकार म्हणतं लसूण लावा. सारे लावतात. मग गाड्या भरून निघाले की रस्त्यात हा कर, तो कर, अन् शेवटी गोदाम भरलं म्हणून दार बंद. लोक कचेरी फोडतात. मी ते वाचताना माझ्या डोळ्यापुढे कापूस संकलन केंद्र होतं: गाड्यांची रांग, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची वाट बघत गाडीखाली काढलेली रात्र, सकाळी 'ओल आहे' म्हणून उतरवलेला भाव. माझा एम.ए.चा निबंध त्यावरच झाला.

यू हुआच्या 'जगणं' कादंबरीतला म्हातारा फुक्वै एकाच बैलाला नांगराला जुंपतो अन् हाका मात्र चार-पाच नावांनी मारतो, बैलाला वाटावं आपल्यासोबत दुसरेही राबताहेत. नावं असतात त्याच्या मेलेल्या माणसांची. हे पोळ्याच्या आसपास वाचू नको.

म्हणून सांगतो, इंग्रजी कच्चं असलं तरी तुझ्याजवळ जे आहे ते शहरातल्या पोरांना विकत घेता येत नाही. वर्गात गप्प बसू नको.

निवृत्त_गुरुजी
यात भर घालतो. १९३८ साली काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं होतं. सोलापूरचे कोटणीस सर्वांना ठाऊक आहेत, पण त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. घरी 'चीनशी आपला काय संबंध' म्हणतील तेव्हा हे सांग, बेटा.

पऱ्हाटी
सदाभाऊ, ती कथा आहे पुस्तकात! बाबाले वाचून दाखवली. 'मालक' आलं तिथं त्यांनी पुन्हा वाच म्हटलं. डी.एड.चा विषय आज निघाला नाही, उद्या निघेल. फॉर्म कधी, कसा भरायचा?

टपरीवाला_भाऊ
बैलाची गोष्ट मलेही पाहिजे. मराठीत आहे का?

दिग्रसचा_सदा
भाऊ, झांग यीमोनं १९९४ मध्ये त्यावर सिनेमा केला आहे, पण त्यात बैल नाही. हिंदी-इंग्रजीत जे भेटेल ते वाचा.
ताई, प्रवेश सीयूईटीवर, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेवर होतो. तिचा फॉर्म ऑनलाइन, बारावीच्या निकालाआधीच निघतो, तारखेवर डोळा ठेव. पेपर मराठीतूनही देता येतो. ओबीसीत असशील तर नॉन-क्रीमिलेअर केंद्राच्या नमुन्यातच काढ. सेतूवाले विचारल्याशिवाय राज्याचा देऊन मोकळे होतात, अन् तो दिल्लीत चालत नाही.