अनुभव धागा: फौजेत जायचं ठरवताना तुमच्या मनात काय आलं होतं?

मैदानावरचा (गुहागर), धागाकर्ता

गुहागरच्या वाळूत पहाटे जी पोरं धावतात त्यांना धावायला लावणारा मी. सोळाशे मीटर, बीम (दांड्याला लटकून अंग वर ओढणं), नऊ फुटी खड्डा, हे सगळं करून घेतो. २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली तेव्हापासून पोरांना हिशेब तोंडपाठ आहे. चार वर्षं, पहिल्या वर्षी महिना तीस हजार आणि त्यातले एकवीस हातात, शेवटी पावणेबारा लाखांच्या आसपास सेवानिधी, शंभरात पंचवीसच पुढे कायम, पेन्शन नाही, विमा ४८ लाखांचा. याच्यावर रोज चर्चा होते.

एक विषय मात्र मैदानावर कोणी काढत नाही. आपल्याकडे लष्करात जायची सक्ती नाही. जो जातो तो स्वतः सही करून जातो. शपथेतही आडपडदा नाही: जमिनीवरून, पाण्यातून, हवेतून, जिथे पाठवतील तिथे जाणार आणि जिवावर बेतलं तरी वरच्याचा हुकूम पाळणार. मग पुढे त्या हुकमाने जे घडेल त्यात त्या सहीचा वाटा किती? सतरा-अठराच्या पोराने हे ठरवायचं कसं?

गेला असाल, जाऊन आला असाल, दारातून परत फिरला असाल, घरातल्या कोणाला अडवलं असेल, तर लिहा. पगार-पेन्शनसाठी दुसरे धागे आहेत. देशभक्त विरुद्ध देशद्रोही ही जुगलबंदी नको, तिच्यासाठी व्हॉट्सॅप पुरेसं आहे.

सड्यावरचा (लांजा)

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालो. आमच्या पट्ट्यात फौजेत जाणं म्हणजे विचार करायची गोष्टच नव्हती. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत लढताना पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ही गोष्ट शाळेत असल्यापासून ऐकलेली. इटलीत कोकणातल्या माणसाचं काय काम होतं, हे मात्र शाळेत कोणी विचारलं नाही. मी बेळगावला ट्रेनिंगमध्ये असताना विचारलं, तेव्हा वस्तादाने मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या.

खरं सांगायचं ते पुढचं. डोंगराळ भाग, राज्याचं नाव नको. रात्री अडीचचा नाका. एक टेम्पो थांबेना. शिट्टी झाली, हात झाला, तरी तो येतोच आहे. अशा वेळी काय करायचं याच्या सूचना ठरलेल्या असतात आणि त्या त्या टप्प्यापर्यंत आल्या होत्या. माझं बोट होतं तिथे होतं. माझ्या पुढच्या जवानाने बॅटरीचा झोत सरळ ड्रायव्हरच्या डोळ्यांवर मारला आणि त्याने करकचून ब्रेक लावला. मागे कोंबड्यांच्या पेट्या. आत गाणी इतकी मोठ्याने लावलेली की शिट्टी ऐकूच गेली नव्हती. पेट्या रस्त्यावर पडल्या, कोंबड्या सुटल्या आणि आम्ही सगळे बंदुका पाठीला लावून त्या पकडत बसलो. हसत होतो. हसू दुसऱ्या दिवशी दुपारी थांबलं, जेवताना.

गोळी सुटली नाही यात माझं शहाणपण काडीचं नव्हतं. लष्कर कायद्याच्या कलम ४१ मध्ये हुकूम मोडणं गुन्हा आहे, पण तिथे शब्द ‘कायदेशीर हुकूम’ असा आहे. अशांत भागात काय करावं आणि काय करू नये याची यादी असते, ती बंधनकारक आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं. हे सगळं चांगलंच आहे आणि आम्हाला शिकवलंही जातं. पण रात्री अडीचला पारख करायला मिळतात चार सेकंद. म्हणून माझं पोरांना सांगणं असतं की जो विचार करायचा तो वाळूत धावताना करा. नंतर विचाराला जागा असते, वेळ नसतो.

हापूसवाली (देवगड)

माझे वडील १९७१ ला नौदलात होते. मुंबईत, गोदीतल्या कामावर. बोटींवर गेले नाहीत, पण गेलेल्या बोटी त्यांच्या हातून तयार होऊन गेल्या होत्या.

४ डिसेंबरला नौदल दिन असतो, कारण त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला केला. २०२३ ला तो आमच्याकडे तारकर्लीला साजरा झाला, पंतप्रधान आले, अख्खा जिल्हा किनाऱ्यावर लोटला होता. वडील गेले नाहीत. ते दर वर्षी ४ तारखेला एकभुक्त राहायचे. लहानपणी आम्हाला वाटायचं की हा कुठला तरी उपास असेल, आई साबुदाणा भिजवायची. मोठी झाल्यावर विचारलं तर म्हणाले, त्या रात्री पाकिस्तानची युद्धनौका ‘खैबर’ बुडाली, तिच्यावर दोनशेच्या वर खलाशी होते, तेही आमच्यासारखेच चार पैशांसाठी बोटीवर चढलेले.

मग ९ डिसेंबर. दीवजवळ आपली ‘खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक. तिचे कॅप्टन मुल्ला बोट सोडून गेले नाहीत. त्या दिवशीही एकभुक्त. एकाच आठवड्यात दोन्ही. वडिलांनी कधी युद्ध चूक होतं असं म्हटलं नाही. उलट पूर्व पाकिस्तानात जे चाललं होतं ते कोणीतरी थांबवायलाच हवं होतं, असं ठामपणे म्हणायचे. पण म्हणून साबुदाणा चुकला नाही.

माझा भाऊ त्यांच्यामागोमाग जाणार होता. त्यांनी अडवलं नाही की उत्तेजनही दिलं नाही. ‘तुला दोन्ही बोटींचं वाईट वाटणार असेल तर जा’ एवढंच बोलले. भाऊ बँकेत लागला.

तुळशीमाळ (कुडाळ)

आमच्या घराक माळ. आजो वारकरी, बापूस वारकरी, मासळी घरात येणा नाय. मी भरतीत पास झालंय तेव्हा आईन डोळ्यांक पदर लावलो. माका वाटला, युद्धाची भीती. तर म्हणता, ‘थंय तुका मटण खावचा लागात रे!’ माणूस मारूचो लागलो तर काय, ह्या तिच्या डोक्यातच नाय. 😀 शाकाहारी जेवण मिळता म्हणान सांगितलंय तेव्हा कुठे गप झाली.

मी चालकाचा काम केलंय, गोळी कधी झाडूक लागली नाय. माळ शेवटपर्यंत गळ्यात होती.

मंडणगडी

वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून जाते आहे. जावं की न जावं हा प्रश्न ज्यांना दार उघडं होतं त्यांना पडतो. आमच्या माणसांसाठी ते दार लावून घेतलेलं होतं.

आंबडवे आमच्याच तालुक्यात, बाबासाहेबांचं मूळ गाव. त्यांचे वडील रामजी सुभेदार होते, महूच्या लष्करी शाळेत शिकवत होते, निवृत्त होऊन दापोलीच्या कॅम्पात राहिले. त्या कॅम्पात असे कितीतरी पेन्शनर महार होते. ज्या काळात गावात सार्वजनिक पाणवठ्याला हात लावता येत नव्हता, त्या काळात लष्करात वाचायला शिकवलं जायचं आणि अंगावर हुद्दा असायचा. मग इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’चं खूळ काढलं आणि महारांची भरती बंद केली. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त सैनिक, यांनी भरती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज तयार केला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं.

माझे पणजोबा, आजोबा, काका सगळे त्यातले. म्हणून ‘गरिबीमुळे फौजेत जातात बिचारे’ हे वाक्य मला टोचतं. ते माणूस म्हणून मोजले जाण्यासाठी गेले. आता कोणी म्हणेल की इंग्रजांच्या राज्यासाठी लढले. हो, लढले. स्वतःच्या गावाने विहिरीवर चढू दिलं असतं तर तेव्हा निवडीला अर्थ असता.

आणि तरीही. मी गेलो नाही. आमच्या घरात रोज संध्याकाळी पंचशील म्हणतात. पहिलंच शील, पाणातिपाता वेरमणी, जीवहिंसेपासून दूर राहीन. ते म्हणून सकाळी भरतीला जायचं, हे मला जमेना. काकांना हे सांगितलं तर त्यांनी कपाटातली पदकं काढून टेबलावर ठेवली, काही बोलले नाहीत. दोघांचंही खरं आहे असं मला वाटतं. ज्यांना एकाचं खोटं ठरवायचं असेल त्यांनी ठरवावं.

निवृत्त_गुरुजी (दापोली)

मंडणगडी यांचं लिखाण आवडलं.

मी साने गुरुजींच्या पालगडजवळचा, सेवा दलात वाढलेला. विनोबाही कोकणातलेच, पेणजवळच्या गागोद्याचे. त्यांनी १९५७ मध्ये शांतिसेना काढली, तिच्यात मी तरुणपणी काही काळ होतो. फौजेत जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मी परावृत्त करत असे. एकदा एका मुलाने वर्गातच विचारलं, ‘सर, गांधीजी १९१८ ला खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून इंग्रजांच्या सैन्यासाठी भरती करत होते ना?’ कुठून वाचून आला होता कोण जाणे. पण खरं होतं ते.

मी त्याला सांगितलं, जो घाबरून लढत नाही तो अहिंसक नव्हे, असं गांधीजींचं म्हणणं होतं. त्यावर तो म्हणाला, ‘मग मी घाबरत नाही हे मला आधी बघू दे.’ गेला. आता अधूनमधून फोन करतो. माझं मत बदललेलं नाही, हत्यार हातात घेतलं की हत्याराचं ऐकावं लागतं. पण त्या मुलासमोर ते मांडताना आवाज पूर्वीसारखा लागत नाही.

खाडीपलीकडचा (रत्नागिरी)

गुरुजी, आदर ठेवून लिहितो. मी मर्चंट नेव्हीत आहे. भारतीय जहाजांवर नव्हे, दुसऱ्यांच्या झेंड्याखालच्या जहाजांवर. मला बंदूक नको होती, हे खरंच कारण होतं. पगार हे दुसरं कारण, तेही लपवत नाही.

एडनच्या आखातातून आमची जहाजं जायची त्या काळात सोमाली चाचे जोरात होते. २००८ च्या ऑक्टोबरपासून आपलं नौदल तिथे गस्त घालायला लागलं. रेडिओवर हिंदी ऐकू आलं की ब्रिजवरच्या (जहाज जिथून चालवतात तिथल्या) सगळ्यांचे खांदे सैल व्हायचे, माझेही. म्हणजे माझे हात स्वच्छ राहावेत म्हणून दुसऱ्या कोणाच्या तरी पोराने बंदूक धरली होती. या विचाराने मी कधी कधी अस्वस्थ होतो.

पण त्याच नोव्हेंबरमध्ये ‘तबर’ या आपल्या युद्धनौकेने चाच्यांचं मोठं जहाज बुडवलं. देशभर कौतुक. काही दिवसांनी कळलं की ते थायलंडचं मासेमारीचं जहाज होतं, चाच्यांनी पळवलेलं, आणि त्या जहाजाचे मूळ खलाशी आतच होते. एक जण समुद्रात तरंगताना सापडला, तो वाचला. आपल्यावर हल्ला होत होता म्हणून गोळीबार केला, असं नौदलाचं म्हणणं होतं, आणि अंधारात हत्यारं घेतलेली माणसं डेकवर दिसत असताना दुसरं काय केलं असतं हे मलाही सांगता येत नाही. माझं आजोळ भाट्याच्या बाजूचं, घरात ट्रॉलर आहे. ती बातमी आमच्याकडे फार वेगळ्या रीतीने वाचली गेली.

सड्यावरचा (लांजा)

@खाडीपलीकडचा, कौतुक करणाऱ्यांनी ते पुढचं वाचलंच नसेल. फौजेतल्या माणसांनी वाचलं होतं.

परिचारिका (खेड)

मी वेगळ्या दारातून गेले होते, म्हणजे जाणार होते. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा अर्ज भरला. घरच्यांचे प्रश्न ठरलेले: मुस्लिम मुलगी, तिथे कसं वागवतील, रोजे धरता येतील का. आमच्या मोहल्ल्यातले एक निवृत्त सुभेदार चाचा आहेत, त्यांनी ते एका संध्याकाळी मिटवलं. युनिटमध्ये सर्वधर्मस्थळ असतं, मौलवीही असतात, ‘आणि इफ्तारी बनवायला आमच्या लंगरात मराठे पोरं असायची.’

माझा स्वतःचा प्रश्न निराळा होता. १९४९ चे जिनीव्हा करार आम्हाला अभ्यासाला होते. जखमी शत्रूवरही तसेच उपचार करायचे, वैद्यकीय माणसांवर गोळी झाडायची नाही. वाटलं, गणवेश घालूनही हात स्वच्छ ठेवता येतील अशी ही एकच जागा. मग वॉर्डमधल्या एका मैत्रिणीने विचारलं, ‘बरा केलेला जवान कुठे जाईल गं? परत मोर्चावरच ना?’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण मग पोलिसाला टाके घालणं, दारुड्याला शुद्धीवर आणणं, सगळ्याचंच असं निघेल. जखमी समोर असताना तो पुढे काय करणार हे नर्सने विचारायचं नसतं, असं मी मला समजावलं आणि ते मला आजही पटतं.

गेले नाही, ते तत्त्वासाठी नव्हे. आईचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा चिपळूणला न्यायचं होतं आणि मी एकटी. म्हातारे आई-बाप सोडून जाणं याला धाग्यात कोणी नीतीचा प्रश्न मानलेलं दिसत नाही. माझ्यासाठी तो सगळ्यात मोठा होता.

मैदानावरचा (गुहागर), धागाकर्ता

शेवटचा मुद्दा खरंच राहिला होता. माझ्या मैदानावर एकुलते एक असलेले बरेच आहेत. त्यांच्याशी बोलतो.

नाट्याचा (राजापूर)

मी सैन्यात का गेलो ते सांगतो, कोणाला विचित्र वाटेल. मी पोलीस आणि आर्मी दोन्हींची तयारी करत होतो. १८ एप्रिल २०११ ला जैतापूर प्रकल्पाच्या विरोधात आमच्या नाटे-साखरी नाट्यात लोक रस्त्यावर आले, पोलीस ठाण्यावर चालून गेले, पोलिसांनी गोळीबार केला. एक मच्छीमार तरुण गेला. दोन्ही बाजूंना माझ्या ओळखीची माणसं होती. मी पोलीस भरतीचा विचार सोडला. आर्मी बरी वाटली, कारण समोरचा निदान माझ्या मावशीच्या वाडीतला नसेल. अनोळखी माणूस चालेल, ओळखीचा नको, असा तो हिशेब होता. नीती म्हणाल तर एवढीच.

सड्यावरचा (लांजा)

माझा टेम्पोवाला कोणाच्या तरी मावशीच्या वाडीतलाच होता.

नाट्याचा (राजापूर)

दादा, माहीत आहे. म्हणून मी सिग्नल्स मागितलं होतं, वायरी आणि रेडिओ. मिळालं तोफखाना. तिथे गोळा कुठे पडला ते तोफेवरच्याला दिसत नाही, पुढे बसलेला वायरलेसवर सांगतो, ‘डावीकडे दोनशे’, आणि आपण चाक फिरवायचं. पाठीची दुखापत झाली म्हणून लवकर सुटलो. आता नाट्यात बर्फाचा कारखाना बघतो.