मदत हवी आहे: १९८५ चा लष्करी शेव्हरोले, हायवेवर ट्रेलर ओढताना

नमस्कार मंडळी. ह्यूस्टनला असतो. गेल्या वर्षी लिलावातून अमेरिकन लष्कराचा जुना पिकअप घेतला, एम १००८. ६.२ लिटर डिझेल, टर्बो नाही, तीन गिअरचा टीएच ४०० ऑटोमॅटिक. ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिन कमी फिरवणारा वरचा गिअर) नाही, त्यात डिफरन्शियलचा रेशो ४.५६, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मागचा शाफ्ट ४.५६ वेळा फिरतो.

त्यामुळे ताशी ५५ मैलांना इंजिन साधारण २६५० आरपीएमवर आणि ६५ ला ३१०० च्या पुढे. गव्हर्नर (इंजिनाला ठरावीक आरपीएमच्या वर जाऊ न देणारा) ३६०० ला, म्हणजे गाडी जाते, पण आवाज असा की बायको म्हणते, हा ट्रॅक्टर आहे. रिकामा असताना गॅलनला १५ मैल मिळतात. मागे दीड टनाचा ट्रेलर लावला की ११. आय-१० हायवेवर मागचे ट्रेलरवाले हॉर्न मारून पुढे जातात, तेव्हा उजव्या लेनमध्ये मान खाली घालून चालवतो.

दोन पर्याय डोक्यात आहेत. एक, डिफरन्शियलमध्ये ३.७३ चे गिअर. फोर बाय फोर असल्याने पुढचं-मागचं दोन्ही बदलावं लागेल. ६५ ला २५७० आरपीएम येतील, पण चढावर ट्रेलर ओढताना हे बिनटर्बो इंजिन दम टाकेल का? दुसरा, मागून जोडायचा ओव्हरड्राइव्ह. महाग, पण ४.५६ ची ओढ हातात राहते. मोठे टायर नकोत, ब्रेकवर ताण येतो.

ट्रेलर नियमित ओढणाऱ्यांनी यातलं काय केलं? आणि ३.७३ नंतर ट्रान्समिशन तापतं का, तेही सांगा. मूळचा स्पीडोमीटर मी जीपीएसवर तपासलाय, तो विचारू नका.