पीएचडीनंतर जर्नलच्या संपादनात जायचं आहे. शिक्षण कुठे घ्यावं?

रानजाई:

नमस्कार. पुण्यात वनस्पतीशास्त्रात पीएचडी करतेय, प्रबंध लवकरच जमा होईल. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम, करायचं नाही हे नक्की. आमच्या लॅबमधला प्रत्येक पेपर बाहेर जाण्याआधी माझ्याकडे येतो आणि ते काम मला मनापासून आवडतं. म्हणून जर्नलच्या संपादनात जायचा विचार आहे. ऑक्सफर्ड ब्रुक्सचं प्रकाशनातलं एमए पाहिलं, पण त्यासाठी कर्ज काढावं लागेल. इग्नूचा पुस्तक-प्रकाशनाचा पदव्युत्तर डिप्लोमा घरी राहून होतो. की सरळ फ्रीलान्स कामं घेऊ? बाबा म्हणतात, एवढं शिकून प्रुफं तपासणार का? या क्षेत्रात कोणी असेल तर सांगा.

गॅलीवाली:

रानजाई, वयाने मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते. कोल्हापूरला केमिस्ट्रीत एमएस्सी करून मी मुंबईत कॉपीएडिटर म्हणून लागले. आता एका वैद्यकीय संघटनेच्या जर्नलची मॅनेजिंग एडिटर आहे.

कर्ज काढू नकोस. ब्रुक्सचं एमए चांगलं आहे, पण त्याचा आवाका सगळ्या प्रकाशन व्यवसायाचा. तिथेच राहून नोकरी करायची असेल तर त्याचा उपयोग. भारतात परत येऊन इथल्या सुरुवातीच्या पगारात ते कर्ज फेडणं जड जातं. इग्नूचा डिप्लोमा पुस्तकांसाठी आखलेला आहे, तेव्हा त्यातून जर्नलचं काम हाती येईल अशी अपेक्षा ठेवू नकोस.

शिवाय 'जर्नलचं संपादन' म्हणजे एकच नोकरी नाही. मुंबईत कॅक्टस, एनागो यांसारख्या कंपन्या लेखकाच्या बाजूने काम करतात, पेपर जर्नलकडे जाण्याआधी भाषा आणि मांडणी सुधारून देतात. चेन्नई-पुदुच्चेरीत मोठ्या परदेशी प्रकाशकांचं कॉपीएडिटिंग आणि टाइपसेटिंग चालतं. आणि कुठला पेपर समीक्षकांकडे, म्हणजे त्या विषयातल्या तज्ज्ञांकडे, तपासायला पाठवायचा, कुठला तिथूनच परत करायचा हे ठरवणारा संपादक वेगळाच. 'नेचर'सारख्या जर्नलमध्ये हे काम पूर्णवेळ पगारी संपादक करतात, आणि ते बहुधा पीएचडी झालेले असतात. तुझी पीएचडी तिथे कामाला येते, हे बाबांना जरूर सांग.

आता कामाबद्दल. लॅबमधले पेपर तू इंग्रजीसाठी वाचत असशील. आम्ही आकड्यांसाठी वाचतो. सारांशात १२० रुग्ण, पद्धतीच्या भागात १२०, आणि तक्ता २ मधल्या दोन गटांची बेरीज ११८. दोघे मध्येच सोडून गेले असतील, किंवा कोणाकडून टाइप करताना चूक झाली असेल, किंवा त्यांना मुद्दाम वगळलं असेल. तिन्हींचे अर्थ फार वेगळे. कॉपीएडिटरने आकडा आपल्या मनाने दुरुस्त करायचा नाही, लेखकाला विचारायचं. आणि विचारायचं तेही असं, की घाईतल्या डॉक्टरला एका ओळीत उत्तर देता येईल: 'सारांशात १२०, तक्ता २ मध्ये ६१ आणि ५७ म्हणजे ११८ आहेत. उरलेल्या दोघांविषयी कृपया स्पष्ट करावे.' 'आकडे तपासा' असं मोघम लिहिलं की 'तपासले, बरोबर आहेत' असं उत्तर येतं आणि गोंधळ तसाच छापून जातो. माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना मी आधी हे प्रश्न लिहायला शिकवते, स्वल्पविराम नंतर. कारण ते आकडे वाचून पुढे कोणीतरी औषधाचा डोस ठरवणार असतं.

हे शिक्षण आपल्या विद्यापीठांत मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. यूजीसीने पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा विषय सक्तीचा केला, तो तूही केला असशील. पण त्यात विद्यार्थ्याकडे लेखक म्हणून पाहिलेलं असतं. उद्या तोच विद्यार्थी प्राध्यापक होऊन कॉलेजच्या जर्नलचा संपादक होतो, त्याची तयारी कोण करून घेणार? बढतीसाठी पेपरची सक्ती आली आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचं पीक आलं. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये यूजीसीच्या मान्यताप्राप्त जर्नलांच्या तेव्हाच्या यादीची चिकित्सा केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांचा नमुना घेतला, तर त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त कमी दर्जाची निघाली. मग २०१९ मध्ये यूजीसीची नवी, 'केअर' नावाची यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. याद्या बदलून जर्नल सुधारत नाही, त्यासाठी काम येणारी माणसं लागतात. आणि आपल्याकडे चांगलं जर्नल चालू शकतं. केईएमचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघतंय.

म्हणून माझं सांगणं: प्रबंध होईपर्यंत तुमच्या विभागाचं किंवा ओळखीच्या एखाद्या संस्थेचं जर्नल चालवायला घे. ओपन जर्नल सिस्टिम्स हे जर्नल चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. कॅनडातला पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट ते बनवतो आणि जगभर हजारो जर्नलं त्यावर चालतात. एक अंक सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढ. समीक्षक शोधणं, त्यांना आठवण करणं, दोन समीक्षकांची मतं उलटी आली तर काय करायचं, आणि नकाराचं पत्र असं लिहिणं की लेखकाला पुढच्या जर्नलसाठी त्याचा उपयोग व्हावा. सोबत 'कोप'ने, म्हणजे प्रकाशन-नीतीसाठी १९९७ साली सुरू झालेल्या समितीने, प्रसिद्ध केलेली प्रकरणं वाच. लेखकांची भांडणं, चोरलेली चित्रं, दोनदा छापलेले पेपर, सगळं तिथे फुकट वाचायला मिळतं. त्या वाचनाइतकं मला कुठल्याही वर्गाने शिकवलं नाही.

चेन्नईतला_मिरजकर:

गॅलीवालीताईंशी सहमत. मी प्रॉडक्शनच्या बाजूला आहे, तिकडचं थोडं सांगतो. नोकरीच्या चाचणीत सहसा वर्डची फाइल देतात आणि ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल दाखवणारी सोय) चालू ठेवून संपादन करायला सांगतात. संदर्भसूची एका शैलीतून दुसऱ्या शैलीत नेता आली पाहिजे, तीही घड्याळ लावून. जॅट्स नावाची एक्सएमएल पद्धत निदान वाचता येईल इतपत शिका, बहुतेक जर्नलांचे लेख शेवटी त्याच साच्यात जातात. गणित-भौतिकीच्या जर्नलांत काम करायचं असेल तर समीकरणं मांडण्यासाठी वापरतात ते लाटेक् हवंच. हे सगळं घरी बसून शिकता येतं. नोकरीसाठी पुण्यातही पाहा, स्प्रिंगर नेचरचं मोठं ऑफिस तिथेच आहे.

रानजाई:

दोघांचेही खूप आभार. ताई, तुमचं १२० आणि ११८चं उदाहरण वाचून माझ्याच तिसऱ्या प्रकरणातले तक्ते उघडून बसले आहे. आमच्या विभागाचं जर्नल बंद पडलंय, पण सर नव्याने सुरू करायला तयार होतील असं वाटतं. एक शंका आहे. अर्जासोबत कामाचा नमुना मागतात. लॅबमधल्यांचे पेपर दाखवणं बरोबर नाही ना?

गॅलीवाली:

अजिबात दाखवायचे नाहीत, त्यांनी परवानगी दिली तरी. अप्रकाशित लेख हा विश्वासाने सोपवलेला असतो. याच कारणाने तपासायला आलेला पेपर चॅटजीपीटीत टाकायचा नाही. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ मध्ये समीक्षकांना तशी सूचनाच दिली आहे.

नमुन्यासाठी बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावरचा प्रीप्रिंट, म्हणजे समीक्षणाआधीच सगळ्यांसाठी ठेवलेला लेख घे, पण तो सीसी-बाय परवान्याचा, म्हणजे लेखकाचं नाव देऊन कोणालाही वापरता आणि बदलता येईल असा हवा. दोन-तीन पानं संपादित कर, लेखकाला विचारायचे प्रश्न समासात लिही आणि मूळ लेखाचा दुवा दे. परवाना तपासून घे, तिथल्या सगळ्या लेखांना तो नसतो.

तुझे मार्गदर्शक समीक्षणं करत असतील तर त्यांच्यासोबत तूही कर. मात्र आधी संपादकाची परवानगी घ्यायची आणि तुझं नाव त्यांना कळवायचं. विद्यार्थ्याने लिहायचं आणि सही सरांची, हा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. तो तू चालू देऊ नकोस. बरीच जर्नलं सहसमीक्षकाचं नाव नोंदवतात आणि ती नोंद ऑर्किडवरही, म्हणजे संशोधकाच्या ओळखक्रमांकाच्या ऑनलाइन पानावरही, घेता येते. अर्जात तिचा उपयोग होईल.

आणि विभागाचं जर्नल पुन्हा सुरू करताना नाव बदललं, तर नवा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळखक्रमांक, लागेल. तो दिल्लीच्या निस्पर संस्थेकडून मिळतो, फी नाही. अर्ज भरताना अडलीस तर इथेच विचार.