ऑक्सिजन धरणं म्हणजे गंजणं नव्हे!

प्रयोगवही : परवा एका पोस्टमध्ये वाचलं, "स्नायूंचा लाल रंग म्हणजे लोहाला चढलेला गंज. मायोग्लोबिनला ऑक्सिजन मिळाला की त्यातलं लोह ऑक्सिडाइज होतं." खाली कौतुकाची रांग. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

मायोग्लोबिन म्हणजे स्नायूंमधलं ऑक्सिजन धरणारं प्रथिन. त्यातल्या फेरस (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) लोहावर ऑक्सिजन येऊन बसतो आणि गरज पडली की जसाच्या तसा निघून जातो. मागे उरतं ते फेरस लोहच. गंज असा उतरतो का? लोह खरंच ऑक्सिडाइज झालं की होतं मेटमायोग्लोबिन : रंग तपकिरी, लोहाच्या ज्या सहाव्या जागेवर ऑक्सिजन बसतो तिथं पाण्याचा रेणू, ऑक्सिजन धरण्याची क्षमता शून्य. ज्या घटनेनं या रेणूचं काम बंद पडतं, तिलाच पोस्टवाल्यांनी त्याचं काम ठरवलंय.

नुसतं हीम, म्हणजे हे लोह मधोमध धरणारी चपटी चौकट, पाण्यात ठेवलं तर दोन हीम एका ऑक्सिजनला दोन्हीकडून पकडतात आणि फेरिक (आणखी एक इलेक्ट्रॉन गमावलेले) होऊन बसतात. ते टाळायलाच १५३ अमिनो आम्लांची साखळी हीमला खोबणीत दडवते. ६४व्या जागेवरचं हिस्टिडीन हे अमिनो आम्ल हायड्रोजन बंधानं ऑक्सिजनला सावरतं. एवढा बंदोबस्त कशासाठी? ऑक्सिडीकरण होऊ नये म्हणून!

तिसरा_इलेक्ट्रॉन : "जसाच्या तसा" निघून जातो, मान्य. पण बसलेला असताना काय असतो? ते का गाळलंत? रसायनशास्त्रज्ञ वाइसनं १९६४ मध्येच मांडलं होतं की लोहाचा एक इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे सरकतो, म्हणजे फेरिक लोह आणि सुपरऑक्साइड (एक इलेक्ट्रॉन जादा असलेला ऑक्सिजन). कंपनांचे आकडे पाहा. मोकळ्या ऑक्सिजनचं कंपन १५५५ सेमी⁻¹ च्या आसपास, हीमवर बसलेल्याचं सुमारे ११००. हा सुपरऑक्साइडचा आकडा आहे. पोस्टवाल्यांचा शब्द चुकला असेल, पण तुम्ही म्हणता तितके ते चुकलेले नाहीत.

प्रयोगवही : आणि १९३६ चे रसायनशास्त्रज्ञ पॉलिंग आणि कोरिएल? हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसला की त्याचं चुंबकीय वर्तन नाहीसं होतं, एकही सुटा इलेक्ट्रॉन उरत नाही. फेरिकमध्ये एक तरी सुटा असायला हवा ना?

तिसरा_इलेक्ट्रॉन : असतोच. एक लोहावर, एक सुपरऑक्साइडवर, उलट दिशांचे, एकमेकांना रद्द करणारे. वाइसनं तेच म्हटलंय. पूर्ण वाचून मग भांडा.

खडूफळा : या सगळ्याचं मूळ शाळेत आहे. "ऑक्सिजन मिळणं म्हणजे ऑक्सिडीकरण" ही व्याख्या आपण आधी घोटून घेतो आणि "इलेक्ट्रॉन गमावणं म्हणजे ऑक्सिडीकरण" हे दोन वर्षांनी आणतो. तोवर पहिली व्याख्या हाडात मुरलेली असते. मी २६ वर्षं शिकवतोय. मुलं लाल रक्त म्हटलं की गंज म्हणतात, त्यात त्यांचा दोष नाही.

थंडपेटी : शिकताना मी एकदा मायोग्लोबिनच्या नळीतली बरीचशी हवा काढून झाकण घट्ट लावलं. ऑक्सिजन कमी तर ऑक्सिडीकरण कमी, असा माझा हिशेब. सकाळी द्रावण तपकिरी! वर्णपटात ऑक्सिजन धरलेल्या रूपाची ५४२ आणि ५८१ नॅनोमीटरची शिखरं बसलेली, ६३० च्या आसपास तपकिरी रूपाचा उंचवटा. बोलणी खाल्ली ती वेगळीच. नंतर कळलं की ऑक्सिजन थोडासाच असताना हे ऑक्सिडीकरण सर्वांत वेगानं होतं. पूर्ण काढला असता तरी चाललं असतं, भरपूर ठेवला असता तरीही. आम्ल वाढलं तरी वेग वाढतो. म्हणून लोह काय करतं ते आजूबाजूची परिस्थिती न सांगता बोलूच नये.

मूषकमित्र : एवढं भांडताय, पण मायोग्लोबिन लागतं तरी का? १९९८ मध्ये ते जनुकच काढलेले उंदीर तयार केले. जगले, पळाले, पिल्लंही झाली. मायोग्लोबिन ऑक्सिजन साठवतं ही नेहमीची गोष्ट आता पुरे करा.

थंडपेटी : "पळाले" म्हणून थांबू नका. त्यांच्या हृदयात केशवाहिन्या दाटल्या होत्या. शरीरानं दुसरीकडून भरपाई केली. भरपाई लागली, याचाच अर्थ काम होतं.

मूषकमित्र : काम होतं, पण तुम्ही सांगता तेच कशावरून? ऑक्सिमायोग्लोबिन (ऑक्सिजन धरलेलं रूप) नायट्रिक ऑक्साइडचं नायट्रेट करतं आणि स्वतः फेरिक होतं. ऑक्सिजन कमी पडला की डीऑक्सी (ऑक्सिजन नसलेलं) रूप नायट्राइटपासून उलट नायट्रिक ऑक्साइड बनवतं. तेव्हाही फेरिकच होतं. ही खरी रेडॉक्स (इलेक्ट्रॉन देण्याघेण्याची) कामं आहेत, आणि मूळ लेखात त्यांचा एक शब्द नाही!

दुखरीमांडी : माझ्या भावानं अंगाला झेपेना इतका व्यायाम केला. तिसऱ्या दिवशी लघवी काळपट तपकिरी, मग मूत्रपिंडं बंद, तीन आठवडे डायलिसिस. स्नायू फुटून मायोग्लोबिन बाहेर पडलं होतं. पेरॉक्साइड भेटलं की त्याचं फेरिल (फेरिकच्याही पुढं ऑक्सिडाइज झालेलं रूप) होतं आणि आसपासच्या मेदाला जाळत सुटतं. "लागतं तरी का" हे वाचून चीड आली. पेशीच्या आत क्षपण करून (इलेक्ट्रॉन परत देऊन) त्याला ताळ्यावर ठेवणारी विकरं आहेत, बाहेर त्याला आवरायला कोण?

मूषकमित्र : भावाचं वाचून वाईट वाटलं. माझा प्रश्न उंदरांपुरता होता, शब्द उद्धट झाले.

प्रयोगवही : नायट्रिक ऑक्साइडचं राहिलं, ती माझी चूक. वाइसबद्दल एवढंच देते : इलेक्ट्रॉन सरकतो, बराच सरकतो. पण ऑक्सिजन जाताना तो परत देऊन जातो. सुपरऑक्साइड होऊन इलेक्ट्रॉनसकट पळाला, तरच लोह फेरिक उरतं.

तिसरा_इलेक्ट्रॉन : मग पहिल्या परिच्छेदात "बसलेला असतानाही फेरसच" असं कुणी वाचू नये, एवढी ओळ घाला. गंज शब्दाचा आग्रह मी सोडतो.

प्रयोगवही : घालते. उद्या.